पाचवीचा सराव प्रश्नपत्रिका संच : मराठी माध्यमाच्या पालकाचा अनुभव

कर्नाटकात २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी राज्यस्तरीय मूल्यांकन झाले, २०२४ मध्ये त्यात नववीचीही भर पडली आणि ८ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षांच्या निकालांना स्थगिती दिली. या धामधुमीत मुलीसाठी बेळगावच्या खडे बाजारातून आणलेल्या संचातील परिसर अध्ययनाचे प्रश्न खरोखर विचार करायला लावणारे आहेत. कागद, छपाईही ठीक. गणिताचा भाग मात्र कन्नडमधून शब्दशः उतरवलेला दिसतो. ‘वजाबाकी’ऐवजी ‘व्यवकलन’ आणि ‘बाकी’ऐवजी ‘शेष’ छापल्यामुळे, भागाकार तोंडपाठ असलेली माझी मुलगी पेन्सिल हातात धरून नुसतीच बसून राहिली, याचे मला फार वाईट वाटले. प्रकाशकांनी मराठी शिक्षकांकडून भाषा तपासून घेतली, तरच पुढची आवृत्ती मी घेईन.