हार्ले ट्विन कॅम ८८ : घरच्या गॅरेजमध्ये बदललेले कॅमशाफ्ट आणि त्यानंतरचा अनुभव

माझ्याकडे २००३ सालची हार्ले-डेव्हिडसन डायना सुपर ग्लाइड आहे. इंजिन १,४५० सीसीचे ट्विन कॅम ८८, कार्ब्युरेटर असलेले, आणि गिअर पाच. गेल्या वसंतात तिचे दोन्ही कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे, थोडक्यात कॅम), त्यांना बाहेरून आधार देणारी कॅम प्लेट, ऑइल पंप आणि कॅमच्या चेन ताणून धरणारे टेन्शनर मी नॉर्थ कॅरोलायनातल्या घरच्या गॅरेजमध्ये बदलले आणि तेव्हापासून उन्हाळा, पानगळ आणि कडाक्याची थंडी अशा तिन्ही ऋतूंत गाडी नियमित चालवली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींनी याच पिढीची जुनी हार्ले घेतली आहे किंवा घ्यायचे मनात आहे, त्यांना या अनुभवाचा उपयोग होईल असे वाटते. माझे मत आधीच सांगतो : या इंजिनाचे कॅम ताकद वाढवण्यासाठी म्हणून बदलू नयेत, टेन्शनरसाठी इंजिन उघडावेच लागते, तेव्हा कॅमही बदलावेत, आणि तेही सौम्य निवडावेत.

ट्विन कॅम इंजिन १९९९ च्या मॉडेलपासून आले. त्याआधीच्या इव्होल्यूशन इंजिनात एकच कॅमशाफ्ट होता आणि तो गिअरवर फिरत असे. नव्या रचनेत क्रँकवरून (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावरून) निघालेली बाहेरची चेन मागचा कॅम फिरवते आणि आतली चेन त्या कॅमवरून पुढचा. दोन्ही चेन ताणून धरण्यासाठी स्प्रिंगवर दाबलेले प्लास्टिकचे शू दिलेले आहेत, आणि खरी अडचण त्यांचीच आहे. शू हळूहळू झिजतो, त्याचे कण तेलात मिसळून पंपाकडे जातात, आणि शू पूर्ण संपला तर चेन थेट धातूवर घासू लागते. कंपनीने २००६ मध्ये डायनासाठी आणि २००७ पासून बाकीच्या ट्विन कॅम गाड्यांसाठी तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर आणले. भारतात हार्लेची विक्री २०१० मध्ये सुरू झाली, त्यामुळे तिथे अधिकृतपणे विकल्या गेलेल्या ट्विन कॅम गाड्यांत ही जुनी रचना नाही. पुण्या-मुंबईच्या मित्रांना माझी काळजी नवी वाटते ती याचमुळे.

माझ्या गाडीचे कॅम कव्हर उघडले तेव्हा आतल्या चेनच्या शूवर चेनने दोन खोल चर पाडलेले होते आणि कडेचे प्लास्टिक खपल्यांसारखे सुटत होते. नख लावताच एक तुकडा हातात आला. बाहेरचा शू मात्र बराच चांगला होता. म्हणून केवळ बाहेरचा शू पाहून समाधान मानू नये. आतला शू कॅम प्लेटच्या मागे असतो आणि तोच आधी जातो, असे जुने मेकॅनिकही सांगतात.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे त्याच रचनेत नवे शू घालणे. तो स्वस्त आहे, पण काही वर्षांनी काम पुन्हा दारात उभे राहते. दुसरा म्हणजे चेन काढून गिअरवर चालणारे कॅम बसवणे. तो कायमचा इलाज आहे, पण त्यासाठी क्रँकचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) साधारण ०.००३ इंचाच्या आत असावा लागतो, नाहीतर गिअर आवाज करतात आणि झिजतात. तिसरा म्हणजे कंपनीचाच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या टेन्शनरचा संच, ज्यात नवी कॅम प्लेट, जास्त क्षमतेचा पंप, रोलर चेन आणि नवे टेन्शनर येतात. डायल इंडिकेटर लावून क्रँक मोजल्यावर गिअरचा मार्ग माझ्यासाठी बंद झाला, म्हणून मी तिसरा निवडला. या संचाला कन्व्हर्जन प्रकारचे कॅम लागतात, म्हणजे ज्यांचे आतले टोक जुन्या बेअरिंगच्या मापाचे आणि बाहेरचे टोक नव्या प्लेटच्या मापाचे असते. मागवताना हे नीट तपासावे. लिफ्ट, म्हणजे कॅम व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर, अर्ध्या इंचाच्या आसपास ठेवली, की मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंग चालतात आणि हेड उघडावे लागत नाहीत. अर्थात कॅम बनवणाऱ्याचा सल्ला त्याबाबतीत अंतिम मानावा.

काम अवघड नाही, पण घाईचे मुळीच नाही. कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारे मूळ पुशरॉड एकसंध असतात, आणि ते तसेच काढायचे तर टाकी व इंजिनाच्या माथ्यावरचे रॉकर बॉक्स उतरवावे लागतात. मी ते बोल्ट कटरने कापले आणि त्यांच्या जागी लांबी जुळवता येणारे पुशरॉड घातले, त्यामुळे वरच्या भागाला हातच लावावा लागला नाही. आतली जुनी नीडल बेअरिंग पुलरनेच ओढावीत, कारण ठोकून काढताना एखादी सुई क्रँककेसमध्ये पडली तर सगळे इंजिन खोलण्याची वेळ येते. त्यांच्या जागी जास्त सुयांची, पिंजरा नसलेली बेअरिंग बसवणे मला अत्यावश्यक वाटते; किंमत किरकोळ आहे आणि पुन्हा तिथवर पोहोचणे महाग आहे. कॅमवरच्या खुणा समोरासमोर आणणे, स्ट्रेटएज धरून दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत की नाही हे पाहून योग्य जाडीचा स्पेसर निवडणे, आणि पंपाचे स्क्रू सैल ठेवून, इंजिन फिरवत, पंप मध्यावर आला की मगच घट्ट करणे, या तीन गोष्टींना मी सर्वाधिक वेळ दिला.

पुशरॉड जुळवताना संयमाची खरी परीक्षा होते. लिफ्टर (कॅमवर टेकून पुशरॉड ढकलणारा, आत तेल असलेला भाग) कॅमच्या गोल भागावर आणून पुशरॉड ढिलाई संपेपर्यंत लांब करायचा, मग बनवणाऱ्याने सांगितलेले फेरे द्यायचे आणि थांबायचे. लिफ्टरमधले तेल निघून जाऊन पुशरॉड बोटांनी फिरू लागेपर्यंत इंजिन हलवू नये, कारण तोवर व्हॉल्व्ह उघडाच असतो. शेवटी प्लग काढलेलेच ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला आणि मगच इंजिन चालू केले.

आता वापराबद्दल. या गाडीवर ऑइल प्रेशरचा काटा कंपनीकडून येत नाही. मी तो कामाआधीच बसवला होता, म्हणून आधीची आणि नंतरची तुलना करता आली. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे तापलेल्या इंजिनात २,००० आरपीएमला ३० ते ३८ पीएसआय दाब हवा. पूर्वी ऑगस्टच्या उन्हात सिग्नलला थांबल्यावर काटा जेमतेम शून्याच्या वर राही. आता तो तिथेही स्पष्ट वर असतो, आणि चालत्या गाडीत सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला स्थिर राहतो. एवढ्या एका गोष्टीसाठीही हा खर्च मला पटला, जरी केवळ सुट्या भागांचेच बिल हजार डॉलरच्या पुढे गेले.

ताकदीतला फरक खालच्या आणि मधल्या आरपीएममध्ये जाणवतो. ब्लू रिज पार्कवेवर वेगमर्यादा ताशी ४५ मैलांची आहे, त्यामुळे तिथे वरच्या आरपीएमची ताकद कामाला येतच नाही. वळणातून बाहेर पडताना २,२०० ते ३,५०० च्या दरम्यान इंजिन कसे खेचते, तेच महत्त्वाचे. मिचेल शिखराकडे जाणाऱ्या चढावर, मागे पत्नी बसलेली असताना, जिथे पूर्वी तिसरा गिअर टाकावा लागे तिथे आता गाडी चौथ्यात सहज चढते. महामार्गावर ओव्हरटेक करतानाही हीच सुधारणा दिसते. मात्र ५,००० च्या पुढे काही वेगळे घडत नाही, आणि सरळ रस्त्यावर सुसाट पळणाऱ्यांनी या कॅमकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

काही तक्रारीही आहेत. थंडीत सकाळी पहिली काही मिनिटे लिफ्टरची टकटक पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येते. इंजिन तापले की ती जाते. आयडल किंचित खडबडीत झाले. कार्ब्युरेटरचा स्लो जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणारे छिद्र) एका मापाने मोठा केल्यावर थ्रॉटल उघडतानाचा अडखळ गेला, पण पेट्रोलचा खर्चही थोडा वाढला. पुशरॉडच्या एका नळीच्या बुडाशी शरद ऋतूत तेलाची ओल दिसू लागली. ओ-रिंग बदलल्यावर ती थांबली. नळीचे सगळे ओ-रिंग काम करतानाच नवे घालावेत आणि बसवण्याआधी त्यांना तेल लावावे.

तेल बदलताना मी फिल्टर कापून त्यातली घडी उलगडून पाहतो. पहिल्या बदलात बारीक धातूची चमक होती, जी नव्या भागांच्या बाबतीत अपेक्षितच असते. त्यानंतरच्या बदलात प्लास्टिकचा एकही कण सापडला नाही. पुढच्या वसंतात कॅम कव्हर एकदा काढून नव्या शूची झीज पाहणार आहे, आणि त्यासाठी गॅस्केट आत्ताच आणून ठेवले आहे.