‘घरच्या घरी रम’ कोर्स, बोगस लायसन्स आणि मग एक्साइजचा फोन, सगळी एकच टोळी आहे

इन्स्टा आणि फेसबुकवर सध्या एक जाहिरात फिरतेय बघा, तांब्याचं चकचकीत भांडं, नळीतून थेंब थेंब पडतंय आणि खाली मराठीत लिहिलेलं ‘गुळाची रम, मोहाची दारू, घरच्या घरी, नवशिक्यांसाठी, १००% लीगल’. नावं दर थोड्या दिवसांनी बदलतात म्हणून नाव लिहून उपयोग नाही. माझे यात १०,७९९ रुपये गेले आणि कोर्सवाल्यांच्याच ग्रुपमधल्या साताऱ्याकडच्या एका काकांचे त्याच्या कितीतरी पट गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांब झालंय पण वाचा.

कोर्सचं नाव ‘इन्ग्रेडिएंट्स ते फर्मेंटेशन’. फी २,४९९. मी विचारलं हे कायद्यात बसतं का, तर पलीकडचा बोलणारा एकदम गोड, “दादा, स्वतःपुरतं पाच लिटरपर्यंत केंद्र सरकारची परवानगी आहे, आणि तुमची खात्री नसेल तर आम्ही रीतसर लायसन्स पण काढून देतो, १,५०० मध्ये, आधार आणि फोटो पाठवा फक्त.” हे इतक्या सहज सांगतो ना, की समोरच्याला पुढे विचारायलाच सुचत नाही.

आता आधी हेच सांगून टाकतो. पाच लिटर वगैरे असलं काही नाही. दारू हा केंद्राचा विषयच नाही, तो राज्यसूचीत आहे, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे, १९४९ चा, आधी त्याला मुंबई दारूबंदी कायदा म्हणायचे. त्याच्या कलम ६५ मध्ये विनापरवाना दारू बनवणं तर गुन्हा आहेच पण ती बनवण्यासाठी भट्टी, भांडी, साहित्य जवळ ठेवणं पण गुन्हा आहे आणि त्याला जेल आहे. गोव्यात काजूच्या भट्ट्या लागतात त्या पण लायसन्सवरच लागतात, कोणी हौस म्हणून गच्चीत लावत नाही. केरळात तर २०१९ च्या नाताळाआधी एक्साइजवाल्यांनी, म्हणजे उत्पादन शुल्क खात्याने, घरी वाइन करणाऱ्यांनाच बजावलं होतं, आणि तिथे ती वाइन पिढ्यानपिढ्या होतेय. घरी स्वतःपुरती दारू गाळायला परवानगी असलेला एक देश म्हणजे न्यूझीलंड, तिथे १९९६ पासून चालतं. यांची कोर्सची पीडीएफ बहुतेक तिकडचीच कुठली तरी उचललेली आहे कारण त्यात लिहिलंय थंडीत ड्रमला ब्लँकेट गुंडाळा. एप्रिलमध्ये, चिंचवडला.

पीडीएफबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे कारण त्यातल्या गोष्टी नुसत्या चुकीच्या नाहीत, जीवावर बेतणाऱ्या आहेत. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलोय, पोटापाण्यासाठी वेगळंच काम करतो, पण यीस्ट काय खातं आणि काय सोडतं एवढं अजून डोक्यात आहे.

पहिलं म्हणजे ‘साखर जेवढी जास्त तेवढा माल कडक’. २० लिटर पाण्याला १० किलो साखर सांगितलीय. हिशोब असा असतो की लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होतं. १० किलो विरघळली की सगळं मिळून २६ लिटरच्या आसपास पाणी होतं, म्हणजे लिटरला ३८० ग्रॅमच्या वर साखर, कागदावर २२ टक्के. पण साधं यीस्ट तिथपर्यंत जातच नाही, एवढ्या पाकात ते धड सुरूच होत नाही आणि झालं तरी बारा-चौदा टक्क्यांना स्वतःच केलेल्या अल्कोहोलने मान टाकतं. उरतो तो गोड चिकट पाक.

दुसरं, ‘लवकर होण्यासाठी ड्रम गच्चीवर उन्हात ठेवा’. यीस्टला २० ते ३० डिग्री बरं वाटतं, ३५ च्या वर गेलं की नको नको ते वास सोडायला लागतं, आणि उन्हातल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये तर ते शिजूनच मरेल.

तिसरं वाचून मी खरंच हादरलो. ‘हवा जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावून वरून टेप मारा’! अहो, आंबताना साखरेचं वजनाने जवळपास निम्मं कार्बन डायऑक्साइड होतं. एक किलो साखरेमागे अडीचशे लिटरच्या वर गॅस. तो जाणार कुठे? म्हणून तर तिथे एअरलॉक लावतात, गॅस बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. टेप मारलेला ड्रम फुटणार म्हणजे फुटणार, मग भले तो लहान मुलाच्या तोंडासमोर फुटो.

आणि मिथेनॉलचं, म्हणजे विषारी अल्कोहोलचं, तर विचारूच नका. ‘पहिले ५० मिली फेका, विष गेलं, टेन्शन नाही’. गूळ किंवा साखर आंबवली तर मिथेनॉल जवळपास होतच नाही, फळं असतील तर त्यातल्या पेक्टिनमुळे थोडं होतं. माणसं मेली ती वेगळ्या कारणाने मेली. मालाडच्या मालवणीत २०१५ ला शंभरच्या वर लोक गेले, तिथे दारूत कारखान्यात वापरायचं मिथेनॉल आलं होतं. असला माल असेल तर पहिले ५० मिली काय आणि पहिला लिटर काय, घरगुती भांड्यात मिथेनॉल असं नीट वेगळं निघत नाही, ते सगळ्या धारेत थोडं थोडं येत राहतं. दहा-पंधरा मिलीत डोळे जाऊ शकतात. आणि हा बाबा खाली स्मायली टाकून ‘टेन्शन नाही’ लिहितो.

आता किट. ६,८०० रुपये. फोटोत तांब्याचं भांडं, खोक्यात अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, शिट्टीच्या जागी पितळी नोझल आणि त्याला बागेत पाणी मारायची हिरवी प्लास्टिक नळी. अल्कोहोलची वाफ गरम असते, प्लास्टिकमधलं काय काय सोबत घेऊन येईल ते येईलच, पण नळी मऊ पडून कुठे दुमडली तर कुकरमध्ये प्रेशर आणि जोड निसटला तर पेट घेणारी वाफ थेट गॅसच्या शेगडीवर. हे लोक कुरिअरने बॉम्ब पाठवतायत असं म्हटलं तरी चालेल.

खोक्यात एक काचेची नळी होती, लेबल ‘हायड्रोमीटर’, म्हणजे रस किती दाट आहे ते मोजायचं साधन. ती बघून मला हसूच फुटलं. गावाकडे दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ तेच बघत मोठा झालोय, तो लॅक्टोमीटर होता, दुधात पाणी किती ते बघायचा, वर ० ते ४० आकडे. आंबवायच्या रसाची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, सुरुवातीला १.०७०, १.०८० अशी असते आणि शेवटी १.००० च्या पण खाली उतरते. लॅक्टोमीटर साधारण १.००० ते १.०४० एवढंच वाचतो, म्हणजे सुरुवातीला तो कॉर्कसारखा वर उभा राहणार आणि शेवटी बुडून तळाला बसणार. दोन्ही टोकाला बिनकामाचा. बाजारात हा दीड-दोनशेला मिळतो.

‘फ्रेंच यीस्ट’ची पुडी होती. यीस्ट जिवंत आहे का ते पाव करणारं कोणीही तपासतं, कोमट पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर यीस्ट, दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू फेस वर येतो आणि पावासारखा वास येतो. हे टाकल्या टाकल्या फसफसलं आणि अर्ध्या मिनिटात गप्प. बेकिंग पावडर. फ्रान्सचं काय, चिंचवड स्टेशनच्या दुकानातलं असेल. दुसरी पुडी ‘यीस्ट न्यूट्रियंट’, पांढरे खडे. आईने बघितलं आणि म्हणाली, “अरे हा तर नवसागर, कल्हईवाला वापरतो तो, तू कशाला आणलास?” ओला चुना लावून चोळला तर भसकन अमोनियाचा वास. गावठी हातभट्टीच्या रसायनात काळ्या गुळाबरोबर हाच घालतात, पेपरात छाप्याच्या बातम्यांत नेहमी असतो. म्हणजे साहेबांचं फ्रेंच तंत्रज्ञान शेवटी हातभट्टीवर येऊन थांबलं.

मी पैसे परत मागितले. “दादा, व्हिडिओ टाका प्रोसेसचा, ड्रममध्ये गूळ टाकतानाचा, चेहरा दिसला पाहिजे, मग टेक्निकल टीम बघेल.” इथे माझी ट्यूब पेटली. वस्तू खराब असेल तर खोक्याचा फोटो मागतात, तोंड दिसणारा व्हिडिओ कशाला? मी काही पाठवलं नाही, ड्रम पण भरला नव्हता. ग्रुपमध्ये मात्र पोरं हौसेने टाकत होती, अ‍ॅडमिन वर टाळ्या देत होता.

मग ते ‘लायसन्स’ उघडून नीट वाचलं. वर मोठ्या अक्षरात होम डिस्टिलेशन परमिट, आणि खालचा मजकूर दारू जवळ बाळगायच्या, नेण्याच्या आणि पिण्याच्या परवान्याचा. हा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग कोणालाही देतो, वर्षाचा १०० रुपये, आजीवन १,००० रुपये, वयाची अट बसली की झालं. बनवायचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. यांनी त्याचं वरचं हेडिंग बदललं आणि क्यूआर चिकटवला, तो स्कॅन केला तर काहीच उघडत नाही.

खरा खेळ यानंतर सुरू झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल, खाकी शर्ट, मागे झेंडा, “एक्साइज इन्स्पेक्टर बोलतोय, तुमच्या घरी भट्टीचं साहित्य आलंय, कलम ६५, नॉन-बेलेबल, टीम निघालीय, कॉल कट करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही.” माझा पत्ता, आधारचे शेवटचे आकडे, खोकं कोणत्या तारखेला पोचलं, सगळं पाठ. आणि मग हळूच, “तुम्ही शिकलेले दिसता, मिटवायचं असेल तर ६० हजार, नाहीतर उद्या पेपरला फोटो.”

खोक्याची तारीख मला आणि विकणाऱ्याला सोडून कोणाला माहीत होती? तेव्हा चित्र स्पष्ट झालं. कोर्स, किट, लायसन्स हे सगळं आमिष, विकायची वस्तू आपली भीती. कलम ६५ खरं आहे, साहित्य घरात खरंच आहे, मग पोलिसात जाणार कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. साध्या ऑनलाइन फसवणुकीत माणूस निदान ओरडतो तरी, इथे त्याचं तोंड आधीच बंद करून ठेवलंय, आणि त्यासाठीच त्यांना व्हिडिओत चेहरा पाहिजे असतो.

मी म्हटलं एफआयआर पाठवा. आली. हिंदी-इंग्रजीत, महाराष्ट्राच्या खात्याची आणि मराठीचा एक शब्द नाही. त्यात ‘आयपीसी ४२०’. अरे, १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, फसवणुकीचं कलम आता ३१८, आणि हा तारीख टाकतोय यावर्षीची. आणि व्हिडिओ कॉलवर अटक, डिजिटल अरेस्ट असली काही गोष्ट कायद्यात नाहीच. मी म्हटलं साहेब तुमच्या ऑफिसला स्वतः येतो, पत्ता सांगा. फोन कट, नंबर ब्लॉक.

काकांचं तसं झालं नाही. रिटायर्ड माणूस, गावात मान, मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांनी मोहाची फुलं भिजवतानाचा व्हिडिओ टाकला होता. त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यात १ लाख ४० हजार काढले, दर वेळी ‘वरच्या साहेबांचे’ म्हणून. घरी बोलले ते सगळं झाल्यावर, आणि तक्रार झाली तोवर पैसे दोन-तीन खात्यांतून पुढे गेले होते. थोडी रक्कम एका खात्यात होल्ड झालीय, बाकीचं गेलं. आधी कळवलं असतं तर जास्त अडकली असती, कारण १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन गेला की ते पैसे ज्या खात्यात गेलेत ते गोठवायला सांगतात, आणि हे लोक पैसे खात्यात तासभर पण ठेवत नाहीत. यूपीआयचा यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) हातात ठेवा, तो पहिला विचारतात. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर पण तक्रार टाकता येते.

माझ्या तक्रारीच्या वेळी सायबर पोलिसांनी किटबद्दल विचारलं. आधी ओळखीच्या वकिलांशी बोलून गेलो होतो, खोकं, पावती, चॅट, ‘लायसन्स’, सगळं घेऊनच गेलो, खोकं तिथे जमा केलं आणि पोच घेतली. मला कोणी बसवून ठेवलं नाही. ज्यांच्याकडे किट पडलंय त्यांनी पण आधी वकिलाला विचारा, उगाच रात्री नाल्यात टाकून पुरावा घालवू नका आणि ड्रम भरला असेल तर त्यावर झाकण घट्ट ठेवू नका, हे पहिलं.

आधार पाठवलं असेल तर आधारच्या सरकारी अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा. ज्यांना आंबवायची हौसच आहे त्यांनी गाजर-बीटाची कांजी करा, मोहरी घालून, तीन-चार दिवसांत होते आणि कुठलं कलम लागत नाही.

ग्रुपचे स्क्रीनशॉट, ती खोटी एफआयआर, अ‍ॅडमिनचे नंबर सगळं जपून ठेवलंय. कोणाला तक्रारीसाठी लागलं तर मेसेज करा, पाठवतो, त्याची फी २,४९९ नाही.