घरच्या रेकॉर्डिंगला ४४.१, ४८ की ९६ किलोहर्ट्झ?

नवीन प्रोजेक्ट उघडला की सॉफ्टवेअर आधी सॅम्पल रेट विचारतं, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा. आकडा मोठा तेवढा आवाज चांगला, असं धरून बरेचजण ९६ निवडतात. मी आधी एलियासिंग बघायला सांगेन.

सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतच्याच वारंवारता नीट टिपल्या जातात. त्यावरचा सूर नाहीसा होत नाही, दुमडून खाली येतो; हेच एलियासिंग. ३० किलोहर्ट्झचा सूर गाळला नाही, तर ४४.१ वर तो १४.१ होतो, ४८ वर १८. ९६ वर मात्र ३०च राहतो. दुमडलेला १४.१ आणि खराखुरा १४.१ यांत नंतर फरकच करता येत नाही, म्हणून गाळायचं ते आधीच.

माइकच्या आवाजापुरतं ते काम इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, करतो. ४४.१ वर त्याच्या फिल्टरला २० (कानाची मर्यादा) ते २२.०५ एवढीच जागा मिळते, ४८ वर २४ पर्यंत. आजच्या इंटरफेसना दोन्ही जमतं. नुसत्या गाण्या-तबल्यासाठी ९६ घ्यायचं कारण मला दिसत नाही.

खरा फरक पडतो मिक्सिंगमध्ये. सॅचुरेशन, डिस्टॉर्शन हे आवाज मुद्दाम थोडा बिघडवणारे इफेक्ट नवे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, तयार करतात, तेही कॉम्प्युटरच्या आत, जिथे इंटरफेसचा फिल्टर पोहोचत नाही. झांजेतला ९ किलोहर्ट्झचा सूर घ्या. त्याचा पाचवा हार्मोनिक ४५. तो ४४.१ वर चक्क ९०० हर्ट्झवर येतो, ऐन गळ्याच्या पट्टीत! ४८ वर तो ३ किलोहर्ट्झ होतो, आणि मूळ सूर चढला की हा उतरतो. कानाला खुपतं ते हेच. ९६ वर ४५ जागेवर राहतो, पण नववा, ८१ चा, तिथेही १५ वर येतोच.

म्हणून मी ४८ घेऊन प्लगइनमधलं (असे इफेक्ट देणाऱ्या छोट्या प्रोग्राममधलं) ओव्हरसॅम्पलिंग चालू करेन. चौपट केलं की तेवढा प्लगइन आत १९२ वर चालतो आणि परत येताना वरचं गाळतो. ९६ वर सगळाच प्रोजेक्ट जड होतो: २४ बिट स्टिरिओ मिनिटाला १७.२८ ऐवजी ३४.५६ एमबी.

सीडीच काढायची असेल तर ४४.१, व्हिडिओ असेल तर ४८. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग नसेल तर ९६. शंका असेल तर प्लगइनमधून चढत जाणारा साइन सूर (हार्मोनिक नसलेला शुद्ध सूर) सोडा आणि स्पेक्ट्रम, म्हणजे वारंवारतांचा आलेख, बघा: खाली उतरणारी रेघ दिसली की ते एलियासिंग.