पुरुषोत्तम आणि फिरोदिया: पुण्यातला कॉलेजच्या नाटकांचा सीझन, प्रेक्षक म्हणून

पुण्यात राहता आणि पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी कधीच बघितली नाहीये, तर यंदा ऑगस्टमधे एक संध्याकाळ काढाच. फायनलला सगळेच जातात, तिकिटांसाठी मारामारी असते आणि तिथे पोचलेल्या नऊ एकांकिका चांगल्या घोटून घोटून बसवलेल्या असतात, पण मला विचाराल तर खरी मजा प्राथमिकला आहे, कारण पडदा वर जाईपर्यंत काय बघायला मिळणार याचा काहीच अंदाज नसतो, एक एकांकिका अगदीच फसते आणि लगेच पुढची तुम्हाला खुर्चीच्या टोकावर आणून बसवते.

महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था ही स्पर्धा 1963 पासून घेतेय. जब्बार पटेल, मोहन आगाशे ही मंडळी बीजे मेडिकलला असताना यातूनच पुढे आली. स्पर्धा होते त्या भरत नाट्य मंदिराबाहेर पोरांचं "अरे आव्वाज कुणाचा" सुरू झालं की अंगावर काटा येतो, स्वतःचं कॉलेज सुटून कितीही वर्षं झाली असूदेत. इथे सगळा भर संहिता, दिग्दर्शन आणि अभिनयावर, भपक्याने काही होत नाही. मागे एका एकांकिकेत स्टेजवर फक्त एक लोखंडी कॉट होती, मुलगी आजारी बापाच्या शर्टाची बटणं लावत लावत त्याच्याशी भांडत होती, भांडणाच्या भरात बटण चुकीच्या काज्यात गेलं, तिने न बोलता सगळी बटणं काढून परत पहिल्यापासून लावली. तोवर शिट्ट्या मारणारं थिएटर चिडीचूप! हे बघायला मी जातो.

2022 ला परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. नऊ टीममधे एक सगळ्यात चांगली असतेच की, ती पोरं महिना-दीड महिना लेक्चर संपल्यावर रात्रीपर्यंत तालमी करतात, त्यांना द्या ना.

आता फिरोदिया करंडक, कॉलेजांचीच दुसरी स्पर्धा. तो सीझनच्या शेवटी साधारण फेब्रुवारीत येतो आणि मामला पूर्ण वेगळा, एकाच गोष्टीत नाटक, गाणं, वाद्यं, नाच, चित्र, रांगोळी असं सगळं गुंफायचं. संगीताची आवड असेल तर हा चुकवूच नका, कारण बँड समोर लाइव्ह वाजवत असतो आणि त्यात तबल्याशेजारी गिटार, बासरी, कहोन (ज्यावर बसून हाताने वाजवतात तो लाकडी खोका), मधेच कोणीतरी बीटबॉक्स, एकाच प्रवेशात अभंग आणि रॉक दोन्ही ऐकायला मिळतं. एका प्रयोगात मी बाजूलाच बसलो होतो, कहोनवाला मुलगा हाताकडे बघतच नव्हता, त्याची नजर नाचणाऱ्या मुलीच्या पायांवर, ती थबकली की हा थांबायचा, तिने टाच टेकवली की परत सुरू. एवढी तयारी पैसे देऊन बघितलेल्या काही कॉन्सर्टमधे पण दिसली नाही मला.

तक्रार आहे ती आवाजाची. एका टीमचा कीबोर्ड इतका वर ठेवला होता की गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ऐकूच आलं नाही, आजूबाजूचे पण एकमेकांना विचारत होते काय म्हणाली म्हणून. वर्षभर मेहनत केलेल्या लेखकाचं किती नुकसान! आणि मार्क मिळतील म्हणून गोष्टीत कुठेही न बसणारी कला घुसडणं आता थांबवा प्लीज, रांगोळी कशासाठी काढली ते रांगोळी पूर्ण झाल्यावर तरी कळायला पाहिजे.

बाकी भरत नाट्य मंदिर आहे त्या सदाशिव पेठेत गाडी लावायला जागा मिळणं अवघड, त्यामुळे बस नाहीतर रिक्षाने जा. पहिल्यांदा जाणार असाल तर आधी पुरुषोत्तमची प्राथमिक बघा, मग फिरोदिया. फायनलच्या तिकिटाच्या मागे लागायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.