डू मारच्या एलपी : आधी कोणती घ्यावी आणि कशावर वाजवावी

'डू मार' हे डच शब्द. अर्थ 'कर की!' कोल्हापुरात वेगळं समजावायला नको. १९७८ साली एर्न्स्ट यान्सनं काढलेला हा बँड डच भाषेत रेगे, म्हणजे जमैकाकडचं ठेकेदार संगीत, गायचा. १९८० मध्ये हेनी फ्रीन्टन बास गिटार घेऊन आला, तोच गायलाही लागला आणि बँडचं रूपच पालटलं.

पहिली खरेदी १९८२ ची 'डोरिस डे एन आंडरे स्टुकन'. अणुबॉम्बवरचं 'डे बॉम' यातच आहे. 'बॉम्ब पडण्याआधी करिअर करून घ्या' म्हणणारं हे गाणं इतकं उड्या मारत चालतं की भीती मागाहून कळते. १९८१ ची 'स्कंक' दुसरी घ्या. '४उस' (१९८३) शेवटी. डचमध्ये चार म्हणजे 'फीर', म्हणून हे नाव 'फीरुस', अर्थात व्हायरस. 'पा' हे गाणं सोडलं तर तिच्यात दमणूक ऐकू येते.

ऐकताना एक अडचण येते. हलगी-लेझीमवर वाढलेला कान समेवर ठोका शोधतो. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिली मात्रा मोकळी असते, बास ड्रम पडतो तिसरीवर, गिटारची चक-चक मधल्या फटीत. दोन-तीन गाणी बास धरून ऐका, मग बसतं.

आता पिन. घरात नाट्यसंगीताच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या असतील तर जुन्या प्लेअरची पिन उलटसुलट फिरणारी असते, एका बाजूला ७८, दुसरीला एलपी. ७८ ची सुई जाड. ती एलपीवर टेकवली की खाचेच्या भिंती खरवडल्या जातात, तो आवाज परत येत नाही. मॅग्नेटिक कार्ट्रिजला (पिन बसवलेल्या चुंबकी डबीला) साधारण २ ग्रॅम वजन द्या. फार हलकं ठेवलं तर जोरकस बासवर पिन उडते, आणि लोक उगाच रेकॉर्डला दोष देतात.

जूननंतर आपल्याकडे कव्हरला बुरशी लागते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, आतली कागदी पिशवी बदला. धुवायला बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे एक-दोन थेंब, मऊ कापड खाचेच्या दिशेनं, आणि मधलं लेबल कोरडं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं खळबळून घ्या. ७८ लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट लावलंत तर संपलंच.

१९८४ च्या एप्रिलमध्ये नेदरलँड्समधल्या डेन बॉशला निरोपाची मैफल करून बँड थांबला. पोरींच्या किंचाळ्यांत गाणं बुडायला लागलं होतं, आणि गाणारे पस्तिशीचे! २००० मध्ये ते पुन्हा जमले, रॉटरडॅमच्या आहॉय सभागृहात १६ कार्यक्रम झाले. त्या वेळचा अल्बम 'क्लार'. अर्थ 'तयार' आणि 'संपलं' दोन्ही. फ्रीन्टन २०२२ मध्ये गेला. 'क्लार' सीडीवरच घ्या. ती गाणी सीडीच्या काळातलीच, आणि पिनेची कटकट नाही.