गड बांधायची हौस असेल तर गेम कोणता घ्याल? सिव्ह ५, सिव्ह ६ की हीरोज ३

टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीनं खेळायच्या गेममध्ये किल्ला बांधणाऱ्याची फजिती ठरलेली. कित्येक टर्न मजूर राबवून खिंडीत गड उभा करावा, आत चांगली शिबंदी ठेवावी, आणि शत्रूनं दोन टाइल (नकाशावरची घरं) वळसा घालून सरळ शहराच्या वेशीवर यावं. त्यामुळे किल्ल्यांसाठी गेम निवडताना ‘बचाव किती टक्के वाढतो?’ एवढंच पाहिलंत तर फसाल. दोन गोष्टी तपासा. हा किल्ला मागे टाकून शत्रूला सुखानं पुढे जाता येतं का? आणि शत्रू नसतो तेव्हा किल्ला काय कामाचा?

दुसरा प्रश्न आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना २३ किल्ले गेले ते ४ लाख होनांच्या मुलखासकट, आणि महाराजांकडे राहिलेल्या १२ किल्ल्यांबरोबर १ लाख होनांचा मुलूख राहिला. किल्ला मोजायचा तो त्याच्या मुलखासह. बहुतेक गेममध्ये नेमका हाच हिशोब गायब असतो.

सिव्हिलायझेशन ५ (सिव्ह ५) पासून सुरुवात करू. इथला फोर्ट साधा मजूर बांधतो, त्यासाठी इंजिनिअरिंग हे तंत्र शिकलेलं असलं की झालं. त्या टाइलवरच्या युनिटचा (सैन्याच्या तुकडीचा) बचाव ५० टक्क्यांनी वाढतो. हे थोडं नाही. स्वोर्ड्समनची ताकद १४. फोर्टमध्ये बचाव करताना ती २१ होते, म्हणजे पुढच्या पिढीतल्या लाँगस्वोर्ड्समनइतकी. पण त्या टाइलवर शेत किंवा खाण होणार नाही, आणि शांततेच्या काळात फोर्ट नुसता जागा अडवून बसतो. शत्रूला अडवतं ते आतलं युनिट. रिकामा फोर्ट कुणालाच रोखत नाही.

याच गेममधला सिटाडेल मात्र खरा किल्ला वाटतो. तो ग्रेट जनरल (खास सेनापती) खर्ची घालून बांधावा लागतो. बचाव दुप्पट होतो, आणि शेजारच्या टाइलवर टर्न संपवणाऱ्या शत्रूच्या प्रत्येक युनिटला १०० पैकी ३० इजा होते. २०१२ च्या गॉड्स अँड किंग्ज विस्तारानंतर तर तो बांधताच भोवतालच्या टाइल तुमच्या होतात, शेजाऱ्याच्या असल्या तरी. शेजारी भडकणार हे उघड आहे, पण त्याच्या हद्दीतली लोखंडाची खाण अशी एका दमात आपल्याकडे येते तेव्हा सीमेवर ठाणं का उभारतात ते कळतं. सिटाडेलजवळ शत्रूला तळ ठोकून बसता येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

सिव्हिलायझेशन ६ मध्ये साध्या फोर्टची रयाच गेली. तो बांधायला मिलिटरी इंजिनिअर लागतो. त्यासाठी आधी एन्कॅम्पमेंट (शहराची लष्करी छावणी) हवी, तिच्यात आर्मरी (शस्त्रागार) हवी, आणि एवढं करून एका इंजिनिअरची दोन कामं झाली की तो संपला. बदल्यात मिळतं काय? बचावाला ४ गुण, आणि युनिट दोन टर्न मोर्चा बांधून बसल्याचा फायदा लगेच. हा दुसरा फायदा म्हणजे ६ गुण, पण कुठलंही युनिट दोन टर्न जागेवर थांबलं तर ते फुकटच मिळतात. उरले ४. तुल्यबळ युनिटच्या एका हल्ल्यात साधारण ३० इजा होते, ती ४ गुणांनी सव्वीसच्या आसपास येते. एवढ्यासाठी हा खटाटोप कोण करेल?

तरीही किल्लेबाजासाठी सिव्ह ६ बाद होत नाही, कारण इथला खरा किल्ला एन्कॅम्पमेंट आहे. शहराच्या केंद्राला लागून नसलेली, पण हद्दीतली जागा तिच्यासाठी तुम्ही निवडता. शहराला तटबंदी झाली की एन्कॅम्पमेंटलाही होते, आणि आत एकही सैनिक नसला तरी ती स्वतः मारा करते. जवळून जाणाऱ्या शत्रूची चाल तिच्या धाकानं अडखळते. शांततेतही ती बसून खात नाही. तिच्यातून सैन्य उभं राहतं, ग्रेट जनरलचे गुण जमतात, बराक्स बांधली तर थोडं उत्पादनही वाढतं. खिंड जर शहरापासून तीन टाइलच्या आत असेल तर माझं मत डोळे मिटून एन्कॅम्पमेंटला. खिंड त्याहून दूर असेल तर सिव्ह ५ चा सिटाडेल हवाहवासा वाटेल.

हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ हा १९९९ चा गेम. या तिघांत जुना, पण मुलखाचा हिशोब त्यालाच सर्वांत आधी उमगला. फोर्टला ५,००० सोनं आणि २०-२० लाकूड व धातुक लागतं, आणि तो झाल्याशिवाय सैन्याची घरंच बांधता येत नाहीत. पुढे सिटाडेल बांधलात की दर आठवड्याची सैन्याची मूळ पैदास दीडपट होते, खंदक आणि मधला बुरूज येतो. कॅसल बांधलात की पैदास दुप्पट: आठवड्याला १४ पाइकमन मिळत होते तिथे २८. खेळाडू कॅसल बांधतात ते बहुधा या पैदाशीसाठी, तटबंदी हा वरचा लाभ. वेढा पडो न पडो, पैसे वसूल. अडचण एकच, जागा नकाशानं ठरवलेली असते. घाट हेरून तिथे गड उठवण्याची मजा इथे नाही.

बॅटल फॉर वेसनॉथ हा असाच आणखी एक गेम, आणि तो फुकट आहे. त्यातल्या कॅसल टाइलवर माणसांच्या पायदळाला वार चुकवण्याची संधी ६० टक्के, उघड्या गवतावर ४०. कीपमध्ये (किल्ल्याच्या मुख्य घरात) नेता उभा असेल तरच नवी भरती होते, म्हणून किल्ला सोडून फार लांब गेलं की पंचाईत. तिथेही जागा ठरलेलीच. सिव्ह ४ चा शेवटचा विस्तार, २००७ चा बियाँड द स्वोर्ड, फक्त एका चमत्कारासाठी सांगतो: दोन समुद्रांमधल्या एका टाइलच्या चिंचोळ्या पट्टीवर फोर्ट बांधला की त्यातून जहाजं आरपार जातात. बचाव अवघा २५ टक्के, पण असा फोर्ट रोज कामाला येतो.

तर निवड अशी. जागा स्वतः हेरायची असेल आणि लढाईतला दरारा हवा असेल तर सिव्ह ५. शहरं, उत्पादन आणि किल्ला एकत्र विणायचे असतील तर सिव्ह ६, पण फोर्टच्या नादी न लागता. एका बैठकीत संपणारा डाव आणि किल्ल्याचा रोख परतावा हवा असेल तर हीरोज ३.

नियम स्वतः बदलून पाहायची तयारी असेल तर मोबाइलवरचा अनसिव्ह उतरवून घ्या. सिव्ह ५ च्या धर्तीवरचा हा मुक्त गेम, आणि त्याचे नियम साध्या जेसन (JSON) या मजकुराच्या फायलींत लिहिलेले आहेत. वेगळा मॉड (गेमची स्वतः बदललेली आवृत्ती) करून सिटाडेलची शेजाऱ्यांना इजा करणारी ओळ फोर्टच्या नोंदीत टाका, मात्र ३० च्या जागी १० लिहा. सिटाडेलला ग्रेट जनरल खर्च होतो, फोर्ट मजूर हवे तितके बांधतात, म्हणून आकडा लहानच हवा. सोबत १ सोनं उत्पन्न द्या. २ दिलंत तर फोर्ट नव्या ट्रेडिंग पोस्टलाही (सोनं देणाऱ्या व्यापारी ठाण्यालाही) मागे टाकेल आणि मग सगळ्या मुलखात किल्लेच किल्ले होतील.