वस्तीचा रस्ता: नुसता मुरूम, खडी, की काँक्रीट?

मेव्हण्याचा मेसेज आला, "दाजी, डांबरीपासून वस्तीपर्यंत ३०० मीटर आहे, मुरूम टाकू का खडी टाकू का एकदाच काँक्रीट करून मोकळा होऊ?" मी फोनवर अर्धा तास बोललो तरी संपेना म्हणून शेवटी हे लिहूनच काढलं, सोलापूर भागात असाच रस्ता करायच्या विचारात असलेल्या अजून कुणालाही चालेल.

आधी आमची फजिती सांगतो. मंद्रूपकडं आमचं काळं रान आहे, तिथं आम्ही मे महिन्यात जमीन दगडासारखी कडक दिसली म्हणून तिच्यावर डायरेक्ट २० एमएम खडी पसरली. काय देखणा दिसत होता रस्ता. परतीचा पाऊस झाला, त्यावरनं उसाची डबल ट्रॉली चार वेळा गेली, अन् दिवाळीत बघतो तर खडी कुठाय? शेवटी पहारीनं खड्डा घेतला तर वीतभर खाली सापडली, काळ्या चिखलात एकेक दगड असा रुतून बसलेला जसा लाडवात बेदाणा, आणि वर परत काळी मातीच. म्हणजे पैसे टाकले रस्त्यावर अन् गेले जमिनीच्या पोटात. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात, वरच्या दगडाला ती खाली ओढून घेते अन् स्वतः वर येते. हे कळलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

त्यामुळं पहिला निर्णय मुरूम की खडी हा नाहीच, खाली काय आहे हा आहे. माळावर, जिथं पहार मारली की खण् करून आवाज येतो, तिथं फुकट पैसे घालू नका, मधी उंच बाजूला उतार असा आकार द्या, वर तीनेक इंच खडी अन् डस्ट (क्रशरची बारीक चुरी), झालं. खाली काळी असेल तर मात्र जाडी लागते अन् खरा खर्च तिथंच आहे.

नुसता मुरूम घेतला तर हिशोब असा. ३०० मीटर म्हणजे ९८० फूट, रुंदी १० फूट, म्हणजे ९ गुंठे जमीन रस्त्यात गेली हे आधी मान्य करा. दबून ९ इंच थर हवा तर ७३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), पण मुरूम येतो मोकळा, दाबला की बसतो, म्हणून ९० ब्रासच्या आसपास मागवावा लागतो. भाव मी लिहीत नाही, तो खाणीपासून तुमचं शेत किती लांब यावर ठरतो. डंपरवाला चार ब्रास म्हणाला तर टेप घेऊन डंपरच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, गुणाकाराला १०० नं भागा, लगेच कळतं चार आहे का तीन. आणि रॉयल्टीची पावती मागा, नाहीतर तहसीलची गाडी आली की सगळे तुमच्याकडं बोट दाखवून मोकळे होतात.

मुरूम चांगला का माती मिसळलेला, हे बघायला प्लास्टिकच्या बाटलीत अर्धा मुरूम अन् पाणी घालून जोरात हलवा, ठेवून द्या. खाली दाणा बसला अन् वर थोडाच गाळ आला तर घ्या, निम्मी बाटली चिखल दिसला तर परत पाठवा. पण अगदीच गाळ नसलेला मुरूमही बसत नाही, थोडी चिकट पाहिजे. शेजाऱ्याच्या विहिरीचा किंवा शेततळ्याचा मुरूम स्वस्तात मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तोही बाटलीत बघूनच.

मुरमाचं वाईट म्हणजे धूळ. उन्हाळ्यात वाळत घातलेले कपडे लाल होतात, अन् रस्त्याकडंला द्राक्ष नाहीतर डाळिंब असेल तर पानावर धूळ बसून कोळी कीड वाढायला आयतंच निमित्त. शिवाय दरवर्षी इंचभर वाहून जाणार, म्हणजे आठेक ब्रास भर टाकायची तयारी ठेवा. चांगलं म्हणजे दुरुस्ती घरच्या घरी होते, पहिल्या पावसानंतर ओल असताना ट्रॅक्टरला ब्लेड लावून कडेचा माल मधे ओढला की झालं.

खडी वेगळी. नुसती एकाच साइजची २० एमएम कधीच टाकू नका, ती एकमेकात अडकत नाही, चाकाखालनं सरकून कडेला जाते, मधी दोन चाकोऱ्या पडतात अन् मोटरसायकल वळणावर घसरते, आमची आत्या मागं बसलेली असताना एकदा झालंय. क्रशरवर लहानमोठी मिक्स, डस्टसकट मिळते, जीएसबी म्हणून मागा. धारदार तुकडे एकमेकात गुंततात, डस्ट फटीत भरते, पाणी मारून रोलर फिरवला की घट्ट बसते. नदीचा गोल गोटा दिसायला छान पण गोट्यासारखाच पळतो. जीएसबी ३ इंच दाबून धरली तर २५ ब्रास, मोकळी ३० च्या आसपास. पण ही मुरमाच्या ऐवजी नाही, मुरमाच्या वर! हे लोक ऐकत नाहीत, आम्हीही नव्हतं ऐकलं. मुरूम अन् काळी मातीच्या मधे जिओटेक्सटाइलचं कापड अंथरलं तर माती वर येत नाही अन् मुरूम खाली जात नाही, चिबड, म्हणजे पाणी धरून राहणाऱ्या जागेत ते पैसे वसूल होतात, सगळीकडं गरज नाही.

काँक्रीटचं म्हणाल तर पूर्ण रुंदीचं विसरा. चाकापुरत्या अडीच अडीच फुटाच्या दोन पट्ट्या ६ इंच जाडीनं केल्या तरी २४-२५ ब्रास काँक्रीट, साडेपाचशे पोती सिमेंट नुसतं. अन् खाली मुरमाचा थर नसेल तर काळी माती त्या पट्ट्या उचलून तडकवते. चढावर, ओढ्याच्या उतारावर अन् घरापुढं करा, तिथं मुरूम टिकतच नाही.

या तिन्हीपेक्षा महत्त्वाचं पाणी. काळी काढून रस्ता खोल करू नका, पावसाळ्यात त्याचा पाट होतो, रस्ता शेताच्या वर पाहिजे. दोन्हीकडं चारी, मधला भाग कडेपेक्षा अडीच इंच उंच, आणि पाणी आडवं जातं तिथं सिमेंट पाइपची मोरी. दाबताना मुरमात ओल हवी, कोरड्या मुरमावर रोलर म्हणजे डिझेलची नासाडी, म्हणून मेच्या ४२ डिग्रीत टँकर विकत घेण्यापेक्षा जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा झाली की, विहिरीला पाणी असतानाच, काम काढा. जिथं ऊस असेल तिथं जाडी १२ इंच धरा अन् डांबरीला लागतं ते तोंड २० फूट, नाहीतर ऊसतोड टोळीची ट्रॉली वळत नाही, तोंडाशीच अडकते. अन् रस्ता भाऊबंदाच्या बांधावरनं जात असेल तर आधी कागद, जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं बांधावरच्या रस्त्यासाठी अर्ज करता येतो, जेसीबी नंतर.

मेव्हण्याला मी सांगितलं की यंदा फक्त मुरूम, त्यावर एक पावसाळा अन् एक ऊस हंगाम जाऊ दे, जिथं खचेल तिथं भर टाक, अन् पुढच्या वर्षी जीएसबी. दोन वर्षात खर्च विभागतो अन् कुठं खचतंय तेही कळतं. मुरूम पडायच्या आधी ड्रिपच्या लायनीसाठी चार-पाच ठिकाणी आडवे मोठे पाइप गाडून ठेव म्हणलं, नाहीतर दरवेळी नवा रस्ता उकरायचा. त्यानं रविवारी तीन ठिकाणी पहार मारून फोटो पाठवले. दोन ठिकाणी दीड फुटापर्यंत काळीच, तिसऱ्या जागी, ओढ्याकडच्या टोकाला, सहा इंचावर मुरूम लागला होता. तेवढी शंभर मीटर वाचली त्याची.